आजीचा बत्ता

डोळे मिटा आणि येमेनच्या डोंगरातली एक शाळा समोर आणा. खिडक्यांना काचा नाहीत, पण भिंतीवर नवंकोरं चित्र आहे. उस्ताद गमदान छडीनं त्यातले न फुटलेले बॉम्ब दाखवत होते.

"शेतात असं काही दिसलं तर काय करायचं?"

"हात न लावता लांब पळायचं," सगळा वर्ग म्हणाला.

इश्राकनं हात वर केला. "उस्ताद, तो शेपटीवाला आमच्या घरी आहे. आजी त्यानं आलं कुटते."

"मग काल तुझ्या आजीच्या हातचा काढा पिऊन मी उडालो कसा नाही?" मागून मुसईदनं विचारलं. वर्ग खिदळला. उस्तादही हसले.

"बाळ, बॉम्ब शेतात असतात. स्वयंपाकघरात असतो तो बत्ता. बस खाली."

"खोटारडी," कुणीतरी कुजबुजलं.

मधल्या सुट्टीत इश्राक घरी पळाली. परतली तेव्हा ओढणीत काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. तिनं ते बाकावर सोडलं. शेपटी हाताळून चकचकीत झाली होती, टोकाला आल्याचा चोथा चिकटला होता.

उस्तादांच्या हातातली छडी गळून पडली. "इश्राक, राणी, हात काढ त्याच्यावरचा," ते अगदी हळू म्हणाले. "कुणीही हलू नका."

मुसईद रडायला लागला. इश्राकला त्याची दया आली.



"अरे, घाबरतोस काय? काही होत नाही, बघ," असं म्हणत तिनं बत्ता शेपटीला धरून उचलला आणि आजी कुटते तसा बाकावर जोरात आपटला.