दुसरी हाक

राष्ट्रांच्या महासभेत मतदान पुकारताच एका छोट्या देशाचा प्रतिनिधी खोकल्याचं निमित्त काढून सभागृहातून उठला आणि थेट स्वच्छतागृहात शिरला. पाहतो तर आत पाच जण आधीच उभे. सगळे लहानलहान देशांचे प्रतिनिधी. एकाच्या डोक्यावर मोजून बारा केस, तरी तो आरशासमोर मन लावून भांग पाडत होता.

"या भाऊ," तो म्हणाला. "इथली गणसंख्या कधीच भरली."

कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? ठराव शेजारच्या बेटाचा होता: बड्या देशाने आमचा समुद्र अडवलाय, तो मोकळा करावा. आणि प्रतिनिधीच्या देशातले सगळे मासे त्याच बड्या देशाच्या ताटात जात. मागच्या वर्षी मंत्री एक वाक्य वाकडं बोलले मात्र, माशांची जहाजं त्या देशाच्या बंदरातून तशीच परत फिरली. इकडे मासळीच्या कारखान्याला चार महिने कुलूप. प्रतिनिधीचा धाकटा भाऊ आणि भावजय, दोघंही तिथेच कामाला. आज सकाळीच मंत्र्यांचा फोन आला होता: विरोधात जाऊ नका, बाजूने तर नकोच, तुम्ही असूच नका.

पण नसायचं म्हणजे कसं? छतातल्या स्पीकरमधून सभागृहातली हाक इथेही येत होती. आणि जो अंतर्यामी बसलाय, त्याच्या हजेरीपटात गैरहजेरीचा रकानाच नाही.

त्याच्या देशाचं नाव आलं. तो भिंतीकडे बघत राहिला. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी दुसरी हाक दिली, तोच मध्ये एक थकलेला आवाज आला. बेटाचे वृद्ध प्रतिनिधी. पंधरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेले. हा त्यांना दादा म्हणायचा.

"अध्यक्ष महोदय, जरा थांबावं. आत्ताच बाहेर गेलेत. येतील ते."

अध्यक्षांनी एक मिनिट दिलं. स्पीकर गप्प झाला. एवढं मोठं सभागृह, पण त्यात कुणाचा तरी कागद सळसळला तोही ऐकू आला.

त्याने दार ओढून उघडलं. समोर गालिचा, पलीकडे सभागृहाचा दरवाजा. वीस पावलं असतील. तो दार धरून उभा राहिला.

"भाऊ, जायचं तर जा, नाही तर दार लावा," बारा केसवाला मागून हळूच म्हणाला. "आपला आवाज तिकडे जाईल."

मिनिट संपलं. अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं. ते बारा केसवाल्याच्या देशाचं होतं. त्याने मान खाली घातली आणि नळ पुरता सोडला.