भट्टीमागची जागा

तृप्तीने कॅमेरा विजेच्या भट्टीच्या मागच्या पत्र्यावर धरला आणि स्क्रीन अशी काही लालभडक झाली की तिला आनंदाने तिथेच उडी मारावीशी वाटली. उष्णता दाखवणारा कॅमेरा होता तो, गार तिथे निळं, गरम तिथे लाल. वीज कुठे वाया जाते ते शोधायचं, त्याचा फोटो जोडायचा, रिपोर्ट पाठवायचा, हे तिचं काम. छोट्या धंदेवाल्यांसाठी योजना आहे, सल्ल्याची फी जवळपास सगळी सरकार भरतं. पण तिचे पहिले दोन्ही रिपोर्ट परत आले होते, कारण काय, तर वाया जाणारं काही फोटोत नीट दिसत नाही. आणि इथे देवळाली कॅम्पातल्या एवढ्याशा बेकरीत अख्खा पत्रा पेटल्यासारखा.

"शेखरदादा, बघा," ती म्हणाली. "तुमची भट्टी पावाबरोबर हा बोळपण भाजतेय."

भट्टीच्या मागे, भिंतीपर्यंत, माणूस जेमतेम मावेल एवढा बोळ होता. शेखर त्यात डोकावला आणि इतका खूश झाला की त्याने तिथूनच ग्लासवूलवाल्याला फोन लावला. आजच ये म्हणाला, मागचा पत्रा वूलने पूर्ण गुंडाळून टाकायचाय, उष्णता बाहेर जायला नको.

तसा तो दोन दिवस साफसफाईच करत होता. सरकारी योजनेतून कोणीतरी तपासायला येतंय म्हटल्यावर त्याने चुना मारून घेतला, देवापुढची उदबत्तीसुद्धा महागातली आणली. या बोळात ट्रेचे रॅक, गोणपाटं, एक लाकडी स्टूल असा पसारा असायचा, तो सगळा काल रात्री उचलून मागच्या खोलीत टाकला. धोंडाबाई तीस वर्षं इथला मैदा सांभाळतात, त्यांनाही आज धुवट साडी नेसून पुढे काउंटरवर टोस्ट भरायला बसवलं. साहेब येणारेत म्हणे. साहेब म्हणजे ही तृप्ती, स्कूटीवरून, पाठीला सॅक, थंडीने नाक लाल.

एवढ्यात कारागीर जयराम मागच्या खोलीतून आला. हात पिठाचे, तोंड उतरलेलं.

"शेठ, पाव फुगला नाही."

साडेसात वाजले होते. कॅम्पातल्या एका मेसची पहिलीच ऑर्डर, चाळीस लाद्या, दहाला त्यांची गाडी येणार. आज बसका पाव गेला तर दुसरी ऑर्डर कसली यायची. सगळे मागच्या खोलीत पळाले. ट्रेमध्ये पाव पहाटे ठेवले तसेच बसलेले, बोट लावलं तर गारगार. शेखर जयरामवर घसरला, यीस्ट जुनं असेल, मीठ जास्त पडलं असेल. जयराम म्हणाला, रोजचंच माप आहे. मग शेखरने पळत जाऊन घरातला हीटर आणला, आईच्या खोलीतला दुसराही आणला, दोन्ही पेटवून ट्रेसमोर ठेवले. मीटर गरागरा फिरायला लागला. तृप्तीने कॅमेरा धरला. पुढचे चार पाव लाल, बाकी सगळी खोली निळीशार.

धोंडाबाई कधी उठून आल्या कोणाला कळलं नाही. पदर खोचला, एक ट्रे उचलला आणि बोळाकडे चालू लागल्या.

"मावशी, तिकडे नका ठेवू, तिकडे आता काम करायचंय," शेखर म्हणाला.

त्या थांबल्या, पण त्याच्याकडे नाही, तृप्तीकडे बघितलं.

"पोरी, तुझ्या यंत्रात ते लाल दिसतंय ना, ती माझी जागा हाय. रोज पहाटे ट्रे मीच तिथं लावते, थंडीत पाव तिथंच फुगतो."

जयराम हसला आणि दोन ट्रे घेऊन त्यांच्या मागे गेला. मग शेखर, मग तृप्तीसुद्धा, कॅमेरा गळ्यात अडकवून. रॅक परत बोळात गेले, ट्रे लागले, वर ओली गोणपाटं पडली. हीटर कोणी बंद केले ते कळलंच नाही. धोंडाबाई स्वतः जाऊन स्टूल घेऊन आल्या आणि बोळाच्या तोंडाशी बसल्या, पाठ भट्टीकडे.

नऊ वाजता त्यांनी गोणपाट वर केलं. पाव एकमेकांना खेटून, वर आलेले.

लाद्या भट्टीत गेल्या तेव्हा ग्लासवूलवाला गुंडाळी खांद्यावर घेऊन दारात उभा. शेखरने तृप्तीकडे बघितलं. आता याला काय सांगू, असं ते बघणं. तृप्ती रिपोर्टचा कागद मांडीवर घेऊन पुढच्या पायरीवर बसली होती. पत्रा वाया नाही, हे आता तिला कळलं होतं. मग वाया काय? ती उठली, बोळात शिरली, रॅकच्या पलीकडच्या भिंतीला हात लावला. नव्या चुन्याची भिंत, कोमट. तिथून सगळी ऊब बाहेर जात होती.

"पत्र्याला हात लावू नका," ती म्हणाली. "वूल या भिंतीला लावा. आणि बोळाला पडदा करा, जाड."

मग तिने नकाशा काढला. भट्टी, पत्रा, रॅकच्या रेघा, पलीकडे वूल. प्रत्येक चौकोनाखाली तो कशाचा ते लिहिलं. शेवटी पडद्याच्या आत एक छोटा चौकोन काढला. शेखर वाकून बघत होता.

"हे कुठलं मशीन, मॅडम?"

तृप्तीने त्या चौकोनाखाली लिहिलं, धोंडाबाईंचं स्टूल. मग पेन उचलता उचलता पुढे जोडलं, हलवू नये.