पडायचं काम

मास्तरने पहाडच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या. म्हणजे, मी तयार आहे, टाक. पहाडने टाकलं नाही.

"आपट! आपट!" हॉल गरजत होता. पहाडने दोन्ही हातांवर आडवा पेललेला मास्तर वाट बघत होता. एकोणीस वर्षं पहाडने त्याला कुस्तीच्या या रिंगमध्ये असंच आपटलं होतं. खेळ आधीच ठरलेला: पहाडने जिंकायचं, मास्तरने पडायचं. पोस्टरवर दोघं हाडवैरी; पडद्यामागे एका डब्यात जेवणारे. मास्तर हे नावही पडण्यावरूनच मिळालेलं. नवे खेळाडू त्याच्याकडे पडायला शिकायचे. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडून द्यायचा आणि पाठ, दंड, तळवे एकाच क्षणी रिंगच्या फळीवर आणायचे. मार सगळ्या अंगावर वाटला जातो, आवाज मात्र असा होतो की पहिल्या रांगेतले लोक डोळे मिटतात. पहाडला यातलं काही शिकावं लागलं नव्हतं. त्याला पाडणारा कुणी नव्हताच.

पण आता मास्तरची मान झिजली होती. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "आणखी एकदा आपटलात, तर हातपाय गेलेच समजा." मास्तरने तो एक्स-रे ट्रंकेच्या तळाशी दडवला आणि घरी चकार शब्द काढला नाही. पडण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"टाक ना रे," तो दातओठ खात म्हणाला.

"नाही टाकत. मला कळलंय सगळं," पहाड पुटपुटला. "तू ढकल. आज मी पडतो."

आणि कडेवरचं लेकरू उतरवावं तसं त्याने मास्तरला अलगद पायांवर उभं केलं.  हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या.  खेळ तर पुरा करायलाच हवा होता. मास्तरने पहाडच्या छातीवर तळवे टेकवले आणि ढकलल्याचं नुसतं सोंग केलं.

पहाडने अंग मागे टाकलं.

"हनुवटी!" मास्तर ओरडला. तोवर उशीर झाला होता. एवढा मोठा गडी, पण आधी फळीला लागलं ते त्याचं डोकं. आवाज अगदीच बारीक झाला. लोक खो खो हसले. "धड पडताही येत नाही!" कुणीतरी ओरडलं.

मास्तर गुडघ्यांवर बसला. पहाडचे डोळे उघडे होते. बोटं हलत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर सांगून गेले, जीव वाचलाय; मानेखाली काही उरलं नाही. मास्तर बाकावर बसून राहिला. त्याची बायको धावतपळत आली आणि शेजारी टेकली.

"त्याला माझ्या मानेचं कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी." ती पदराचं टोक पिळत होती. "ट्रंकेत तो एक्स-रे सापडला. तुम्ही माझं ऐकणार नव्हतात. म्हणून सकाळी त्यांनाच फोन केला. म्हटलं, भावजी, आजपासून तुम्ही पडत जा."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला.

"असं काय बघता?" तिला हुंदका आवरेना. "रोज घरी आल्यावर तुम्हीच म्हणायचात ना, काळजी कसली करतेस, पडायला काय लागतं?"