वीस जातींची पेटी

"इथे नुसतं रान माजलं होतं. या डोंगराचं जंगल मी केलं," मुलुंडच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे नेरुरकर सर दरवर्षी सांगायचे. चार हजार झाडं, सगळी सुबाभळीची, रांगेत.

१९८८ साली प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी त्यांची विद्यार्थिनी मृणालिनी त्यांच्याकडे आली. त्याच डोंगरावरचे वीस जातींचे कीटक पेटीत टोचून दाखवायचे होते, नाहीतर नापास.

"सर, महिनाभर फिरले. तीनच जाती मिळाल्या. मुंगळा, डास आणि सुबाभळीवरचा मावा."

"नीट शोधलं नसशील."

"आई म्हणते, आधी करवंदाच्या जाळ्या होत्या ना, तेव्हा फुलपाखरं वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायची."

"अगं, ती झुडपं होती. ती साफ केली म्हणून तर जंगल झालं."

मग सर उठले. त्यांनी कपाटातून स्वतःच्या विद्यार्थिदशेतली जुनी पेटी काढली. "ही घे. याच डोंगरावरच्या साठ जाती आहेत. चिठ्ठ्यांवरची तारीख तेवढी बदल, आणि कुठे बोलू नकोस."

तिने झाकण उघडलं. आत साठ टाचण्या होत्या आणि साठ चिठ्ठ्या. किड्यांचा बारीक अळ्यांनी कधीच भुसा केला होता. सर उभ्या उभ्या एकेक चिठ्ठी वाचत राहिले.

मृणालिनीने त्या भुशातलीच एक अळी चिमट्याने उचलून आपल्या पेटीत लावली. चौथी जात.

परीक्षकांनी ती धरली नाही. ती डोंगरावरची नव्हती.