हात उशिरा पोचतो

बाबांनी फोन औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर लेक आली, तसा आईचा चेहरा उजळला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिचा डावा हात कुणाच्याच सांगण्याने हलत नव्हता. लेकीने समोर हात वरखाली केला, की मात्र तिचं बघून हलायचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, रोज हलला तर वाचेल, नाहीतर गेला.

लेकीने हात वर केला. आईचाही उठला. दोन-चार वेळा नीट झालं, मग दोघी मंदावत गेल्या आणि दोन्ही हात अधांतरी थांबले. कालही हेच झालं होतं.

"तुझा हात आहे की सरकारी फाइल?" आई म्हणाली. "पुढे सरकतच नाही."

"मी तुझ्यासाठी थांबते गं, आई."

"आणि तू थांबतेस म्हणून मी थांबते."

लेकीने हात खाली घेतला. माणसं एकमेकांचं बघून हालचाल कशी जुळवतात, याचीच समीकरणं ती तिकडे परदेशात विद्यापीठात मांडायची.

"बाबा, फोनवर माझा हात तुम्हाला जरा उशिरा दिसतो. आईचा मला उशिरा दिसतो. दोघी एकमेकींची वाट बघतो आणि सगळंच थांबतं. एकीने बघायचं सोडलं, की सुटेल. आई, तू माझ्याकडे बघ. मी नाही बघणार."

"मग फोन कशाला केलास?"

"अगं, करून तर बघ," बाबा म्हणाले.

लेकीने मान वळवली आणि भिंतीकडे बघत एका लयीत हात हलवायला लागली. आईचा हात उठला, खाली आला, पुन्हा उठला. थांबेचना.

"चाललाय गं!" बाबा ओरडले. "मस्त चाललाय!"

लेक हसली, पण वळली नाही.

आई आतापर्यंत लेकीच्या हाताकडे बघत होती. आता ती चेहरा शोधू लागली. कान आणि थोडा गाल, एवढंच दिसत होतं. आईचा हात चादरीवर आला आणि तिथेच राहिला.

"उचल ना," बाबा कुजबुजले. त्यांनी तिचं मनगट धरून वर केलं. सोडलं, तसा हात पडला.

लेकीचा हात चालूच होता. "बाबा, चाललाय ना अजून?"

बाबांनी बायकोकडे पाहिलं. तिने उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"चाललाय," ते म्हणाले.