आंबट वासाची ट्यूब

बाबांच्या गळ्यातलं बटण पुन्हा मेलं. ते दाबलं की मुलीचा फोन वाजायला हवा. बाबांनी अंगठा दुखेपर्यंत दाबलं, फोन आपला ढिम्म.

"हल्लीचा मालच फुसका," बाबा म्हणाले. "तू जा गं नोकरीवर. माझं काय, होईल ते होईल."

जा म्हणे! मागे न्हाणीघरात पडले तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती, म्हणून निभावलं. दुसऱ्या शहरातली ही नोकरी तिला मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. रुजू व्हायची तारीख ती सारखी पुढे ढकलत होती आणि आता साहेबांनी सांगून टाकलं होतं, सोमवारी या, नाहीतर येऊच नका. बटण चाललं तरच बाबांना एकटं ठेवता येणार. पण आणलेलं प्रत्येक बटण असंच राम म्हणत होतं. ती अगदी रडकुंडीला आली होती. चिडणार तरी कुणावर?

बाबा बिचारे आपल्या परीने झटतच होते. जन्मभर टीव्ही-रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. अंघोळीचं पाणी आत जाऊ नये म्हणून नवं बटण आलं की ते उघडायचे आणि थरथरत्या हातांनी आतून सिलिकॉन भरायचे.

शेवटी ती बटण घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदाराने ते उघडून नाकाशी धरलं. आत तांब्यावर हिरवा थर चढला होता. बाथरूमच्या काचांना लावतात ते हे सिलिकॉन, तो म्हणाला. वाळताना आम्ल सोडतं, म्हणून व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तेच आम्ल तांबं खातं. अशा कामाला ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्यायचं, त्याला हा आंबट वास नसतो.

एवढंच होतं तर! तिचा जीव भांड्यात पडला. तिने नवं बटण घेतलं, न्यूट्रल ट्यूब घेतली आणि तिथूनच साहेबांना फोन लावला. सोमवारी नक्की येते म्हणून सांगितलं.

"आमच्या बाबांना हे माहीतच नसणार हो," ती पिशवी उचलत म्हणाली. "चौकात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं."

दुकानदाराने जुनं बटण पुन्हा एकदा नाकाशी धरलं.

"चौकातल्या दुकानात मीच होतो की त्यांच्या हाताखाली," तो म्हणाला. "ही आंबट ट्यूब बोर्डला लावली, म्हणून तर त्यांनी मला कामावरून काढलं."