उद्याच्या तासाची तयारी

माझी आई आयटीआयमध्ये मुलींना केस कापायला शिकवते. पण वस्तऱ्याने कापायची नवी पद्धत ती स्वतःच आत्ता लखनौच्या ट्रेनिंगमध्ये शिकून आली होती. उद्या वर्गात तीच शिकवायची, म्हणून नदीकाठी ब्रह्माघाटावरच्या आमच्या गच्चीत मी मान खाली घालून बसले. परवा शाळेचं फेअरवेल, आणि माझे केस पणाला!

"यूट्यूबवाली तर किती फटाफट कापते, आई."

"तिच्या हाताखाली तिची पोरगी नसते. हिलू नकोस!"

वस्तरा मानेजवळून सर्रकन गेला. भली मोठी बट मांडीवर पडली. मी श्वास रोखला, आईनेही. गच्चीच्या जाळीवर बसलेलं माकडसुद्धा टक लावून बघत होतं.

शेवटी तिने आरसा दिला. आई शप्पथ, काय दिसत होते मी!

"जमलं की! झाली तुझी तयारी!" मी नाचायलाच लागले.

"अर्धीच झाली. मला कापता येतं, एवढंच कळलं."

आईने आपली कमरेपर्यंतची वेणी सोडली, खुर्चीत बसली आणि वस्तरा माझ्या हातात दिला.

"शिकवता येतं का, ते आता बघू. मी सांगते तसं काप. चुकलीस, तर चूक माझ्या सांगण्यात."